जैवविविधतेचे शिक्षण : कोणी कोणास द्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी बोलण्याचा मान दरवर्षी कोणा अनुभवी बाईंना मिळतो. या वेळी चिटणीसबाईंनी माझे नाव सुचवले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. ज्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मी आईचा पदर धरून येत असे, तेथे उभे राहून मी काय बोलावयाचे? परंतु बाई म्हणाल्या, "तू सहा महिने नागपूरला काय करीत होतीस हे आम्हांला नीट कळलेच नाही. तेवढे सांग, म्हणजे झाले." तेव्हा तेवढेच सांगते. व्याख्यान म्हणून ऐकू नका. घरच्या मुलीने परत येऊन दिलेला हिशेब म्हणून ऐका.

मी जे केले त्याला हल्ली इंटर्नशिप म्हणतात. आपल्या जुन्या शब्दांत ती उमेदवारी. शिंप्याच्या दुकानात पोरगा आधी काजे-बटणे करतो, मग त्याच्या हाती कात्री देतात, त्यातलाच प्रकार. एका संस्थेने मला काम दिले ते असे : तालुक्याच्या पातळीवर काम करणारे जे नोकरदार आहेत, म्हणजे ग्रामसेवक, वनरक्षक, गुरांचे डॉक्टर, शिक्षक, कृषी सहायक, रस्त्याचे व विजेचे कर्मचारी, यांच्यासाठी तीन दिवसांचे एक शिक्षण तयार करावयाचे. विषय जैवविविधतेचे रक्षण. जैवविविधता हा शब्द जड आहे. अर्थ मात्र आपल्या अंगणातला आहे. झाड, वेल, पाखरू, किडा, जनावर, बियाणे, जे जे जिवंत आहे ते नाना तऱ्हेचे असणे आणि एकमेकांच्या आधाराने टिकणे, एवढाच तो अर्थ.

तुम्ही विचाराल, शिकल्यासवरलेल्या नोकरदारांना हे आणखी कशाला शिकवावयाचे? मलाही तसेच वाटले होते. पण एक गोष्ट वाचली आणि माझे मत फिरले.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारा, ढोर मेले की आभाळातून गिधाडे उतरत आणि थोड्या वेळात नुसता सापळा उरे. आज तसे दृश्य मुलांना दाखवू म्हटले तरी दिसत नाही. गिधाडे गेली कोठे? कोणी बंदूक घेऊन मारली नाहीत. गुरांना ताप आला, सांधे दुखले की डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचीत. स्वस्त औषध, गुण लवकर. परंतु औषध टोचलेले जनावर दगावले आणि ते गिधाडांनी खाल्ले, की थोड्याच दिवसांत त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. कारण सापडले ते २००४ च्या सुमारास, आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम नावाचे औषध आहे, त्याने गुराला गुण येतो आणि गिधाडाला अपाय होत नाही.

भगिनींनो, ज्या डॉक्टरांनी ते औषध टोचले ते काही दुष्ट नव्हते. तुमचीआमची गाय बरी व्हावी म्हणूनच त्यांनी सुई हातात घेतली. आपल्या सुईचे पुढे काय होते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि कोणाला ठाऊकही नव्हते. एवढ्या न कळण्याने एवढा मोठा पक्षी देशातून जवळजवळ गेला. नोकरदारांच्या शिक्षणाची गरज मला येथे पटली.

आणि कळले म्हणजे काय होते, तेही सांगते. पांढरकवड्याहून पाटणबोरीवरून आदिलाबादला आपण ज्या ४४ क्रमांकाच्या हमरस्त्याने जातो, तोच रस्ता उत्तरेस नागपूरच्या पुढे पेंचच्या जंगलातून जातो. तो रुंद करावयाचा ठरला तेव्हा वन्यप्राण्यांच्या तज्ज्ञांनी आणि इंजिनियरांनी एकत्र बसून, महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उंच उचलून खालून जनावरांना वाट ठेवली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली तेथे कॅमेरे लावले. अठरा जातींचे प्राणी त्या वाटांनी गेलेले दिसले आणि अकरा वाघ मिळून एकोणनव्वद वेळा गेले. वर ट्रक धावतो आहे आणि खालून वाघ चालला आहे! इंजिनियरने नकाशा काढताना वाघाचाही विचार केला म्हणून हे झाले.

या दोन गोष्टी हाती आल्यावर मला मोठा हुरूप आला. महिनाभर बसून मी पहिला पाठ लिहिला. १९९२ सालची रिओ येथील जागतिक परिषद, आपल्या संसदेचा २००२ चा जैविक विविधता कायदा, वनस्पतींची लांबलचक यादी, सारे काही त्यात होते. छापील पाठ हातात आला तेव्हा मला पुस्तक लिहिल्यासारखे वाटले.

तो पाठ आम्ही एका ठिकाणी दहा-पंधरा कर्मचाऱ्यांपुढे वाचून पाहिला. पंख्याखाली निम्मे लोक पेंगले. मी विचारले, "टाकळ्याची भाजी कोणी कोणी खाल्ली आहे?" कोणी हात वर करीना. मागे बसलेला एक वनरक्षक हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे टाकळा होत नाही." मी म्हटले, अहो, पावसाळ्यात सगळीकडे उगवतो तो! मग चित्र दाखवले. तेव्हा तो हसू लागला. "हा तर तरोटा!"

सगळे हसले आणि मलाही हसू आले. पण रात्री झोप आली नाही. मी याच तालुक्यातली मुलगी. लहानपणापासून तरोट्याची भाजी खाऊन वाढले. आणि पाठ लिहावयास बसले तेव्हा घरातला शब्द सोडून पुण्याकडच्या पुस्तकातला शब्द लिहिला. दुसरी चूक याहून मोठी होती. वनस्पतींची जी यादी मी दिली होती, ती दुसऱ्या जिल्ह्याच्या एका अहवालातून जशीच्या तशी उतरून घेतली होती. वेळ थोडा होता, आणि कोण तपासणार आहे, असे मनात आले होते. ही गोष्ट आज आपल्यासमोर कबूल करते.

वरिष्ठ बाईंना मी खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. "आता पाठ बाजूला ठेव आणि रानात जा," एवढेच म्हणाल्या.

त्याप्रमाणे चैत्राच्या सुमारास मी आपल्याच भागातल्या एका पोडावर गेले. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, हे आपणांस सांगावयास नको. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकारने विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हटले आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम आहेत. त्यांची स्वतःची कोलामी भाषा आहे. आपण बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडून चारोळी घेतो, डिंक घेतो, भाव पाडून घेतो. पण किती जणी त्यांच्या ओट्यावर बसलो आहोत? मीही कधी बसले नव्हते.

मोहाची फुले वेचण्याचे ते दिवस होते. फुले पहाटेपासून गळू लागतात. उशीर झाला तर गुरे आणि हरणे खाऊन जातात, म्हणून बाया अंधारातच निघतात. झाडाखाली वाळलेल्या पानांचा थर असतो, त्यात फूल दिसत नाही. तेव्हा काही लोक तो पाला पेटवून जागा साफ करतात. ती आग कधी कधी पसरते आणि रान जळते. माझ्या पाठात मी ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : 'मोहाखाली आग लावू नये. जुने कापड अंथरून फुले गोळा करावीत.' ते मी एका आजींना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले.

आजींनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "पोरी, बरोबर लिवलं. पन कापड कुठून आनू? मले नेसाले दोन लुगडी. एक अंगावर, एक वाळत. झाडाखाली कोनतं टाकू?"

मला उत्तर देता येईना. त्यांनीच पुढे सांगितले. झाडाखालचा पाला झाडूनही काढता येतो, पण मोठ्या झाडाला फार वेळ लागतो. घरात हात कमी असले की माणूस काडी ओढतो. जाळी मिळाली तर कोणी आग लावणार नाही. पण जाळी फुले गळू लागण्याच्या आधी हातात पडली पाहिजे. मोहाचा मोसम सरल्यावर मिळाली तर ती कोंबड्या झाकायला कामी येते!

भगिनींनो, माझा पाठ त्या आजींसाठी लिहिलेला होता आणि तो चुकीच्या माणसापाशी गेला होता. आग लागू नये हे त्यांना माझ्याहून अधिक कळत होते, कारण ते रान त्यांच्या पोटाचे होते. जाळीचा कागद वेळेवर पुढे सरकवणे ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासाठी पाठ हवा होता.

मग वाघाचा विषय निघाला. आपल्या पश्चिमेस टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. तेथे जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जून महिन्यात निघाला आणि शेता-रानांतून, दोन राज्यांतून हिंडत वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या पट्ट्यावरून मोजले तेव्हा सारी चाल तीन हजार किलोमीटरच्या वर भरली, आणि वाटेत त्याने कोणाचा जीव घेतला नाही. ही एक बाजू. दुसरी बाजू आपण विसरू शकत नाही. आपल्याच जिल्ह्यात राळेगावच्या बाजूला जिच्या भीतीने दोन वर्षे गावे दारे लावून बसली, त्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर सांगितले जात. आणि २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडावयास गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. शहरातल्या माणसाला वाघ वाचवा म्हणणे सोपे आहे. त्या तीन घरांतल्या चुलींसमोर बसून ते म्हणता आले पाहिजे.

आजी म्हणाल्या, "वाघ त्याच्या वाटेनं जातो. आपन वाकून वेचतो, तवा त्याले मानूस दिसत नाही, जनावर दिसते. म्हनून आमी चौघी-पाचजनी जातो. तिघी वाकल्या का एकीनं उभं रायाचं, बोलत रायाचं." वनखातेही एकट्याने न जाण्याचे आणि आवाज करीत जाण्याचे सांगते. पण कोणी उभे राहावयाचे, कोणत्या नाल्याच्या कडेला पहाटे जावयाचे नाही, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते मी त्या ओट्यावर लिहून घेतले.

आता कायद्याकडे येते; थोडे रुक्ष आहे, पण आपल्या उपयोगाचे आहे. २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची. गावात काय उगवते, काय नाहीसे झाले, कोणती पाखरे येतात, कोणते बियाणे कोणाकडे आहे, कोणत्या पाल्याचा कोणता उपयोग, हे सारे गावकऱ्यांना विचारून लिहावयाचे. अशा नोंदवह्यांची कल्पना डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात मांडली. २००४ च्या नियमांत या समितीवर निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे स्पष्ट लिहिले होते. व्यापारासाठी कोणी गावच्या हद्दीतून वनस्पती नेत असेल, तर समितीला त्यावर शुल्क घेण्याचाही अधिकार कायद्याने दिला. आपल्या राज्याचे जैवविविधता मंडळ २०१२ पासून नागपुरातच आहे.

कायदा असा उत्तम. पण अनेक वर्षे काम रेंगाळले. शेवटी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बजावले की, ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या व नोंदवह्या पुऱ्या करा, नाही तर प्रत्येक राज्याने महिन्याला १० लाख रुपये भरावे. मग देशभर एकच घाई उडाली. आज कागदोपत्री अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या आहेत. माझ्या कामात एका गावाची नोंदवही माझ्या हाती आली. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्या गावाचा नाही. तीत जी झाडे लिहिली होती त्यांतली काही त्या शिवारात कोणी पाहिली नव्हती. मोहाला एक ओळ. धावड्याचा डिंक नाही, वास्ते नाहीत, टेकोडे नाहीत. आणि माहिती सांगणाऱ्यांच्या नावांत एकाही बाईचे नाव नाही.

मला त्या लिहिणाऱ्याचा राग येईना. घाईत दुसरीकडची यादी उतरून घेणे मीही केलेच होते. पण उद्या शेजारी खाण निघाली, रस्ता आला, कोणी साहेब विचारू लागला की या रानात असे आहे तरी काय, तर गावाच्या हातात हीच वही असणार. ती पोकळ असेल तर तोंडाने कितीही सांगितले तरी कोण ऐकणार?

मग आम्ही शिक्षणाचा आराखडा बदलला. पहिला दिवस नोकरदारांनी रानात काढावयाचा आणि शिकवणारे पोडावरचे लोक. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कामाचा धागा शोधावयाचा : डॉक्टरांनी सुईचा, वीजवाल्यांनी शेताच्या कुंपणात चोरून सोडलेल्या विजेच्या तारांचा, ग्रामसेवकांनी नोंदवहीचा. शेतकऱ्याची बाजूही त्यात ठेवली, कारण रोही आणि डुक्कर पीक खातात तेव्हा उपाशी तोच राहतो. तिसऱ्या दिवशी वही उघडून, बायांना विचारून दुरुस्त करावयाची. पहिल्या खेपेला त्या आजी शिकवावयास आल्या. पेंगणारे कोणी नव्हते. एक गुरांचे डॉक्टर तर त्यांच्या मागे मागे वही घेऊन फिरत होते.

सारे गोड झाले असे म्हणून मी बसले असते, पण एक गोष्ट राहते. व्याख्यात्यांना मानधन असते. आजींचा वेचणीचा दिवस बुडाला होता, म्हणून त्यांचेही देयक मी भरले. त्या कागदावर एक रकाना होता : शैक्षणिक पात्रता. आजी शाळेत गेल्या नव्हत्या. मी रकाना कोरा ठेवला. कागद परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. अखेरीस प्रवासखर्च म्हणून थोडे पैसे त्यांच्या हातावर ठेवले गेले. इतर व्याख्यात्यांना मिळाले त्याहून ते कमी होते. आजींनी मोजलेही नाहीत. मला मात्र तो रकाना अजून डोळ्यांपुढे दिसतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावठी बियाणे राखले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आसामात पूर्णिमादेवी बर्मन यांनी हरगिला नावाच्या कुरूप, अपशकुनी समजल्या जाणाऱ्या करकोच्यासाठी गावच्या बायांना एकत्र केले. त्या बायांनी काय करावे? पक्ष्यांची अंडी घालण्याची वेळ आली की गाणी म्हणून त्यांचे डोहाळजेवण करू लागल्या! घरट्यांची झाडे तोडणे थांबले, पक्षी वाढले, आणि २०२३ साली जगाच्या धोक्याच्या यादीत त्याची पायरी सुधारली. डोहाळजेवण आम्हांलाही येते, भगिनींनो. तेव्हा हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे म्हणण्याची सोय नाही.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन लोकजैवविविधता नोंदवही पाहावयास मागावी, आणि ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून घ्यावी. चूक दिसली तर भांडू नये, दुरुस्त करून द्यावी. दुसरी, समितीवर ज्या स्त्रिया आहेत त्यांना सभेची खबर मिळते की नुसती सहीच घेतली जाते, हे विचारावे. तिसरी, पुढच्या श्रावणात रानभाज्यांचा दिवस करावा आणि त्या दिवशी पोडावरच्या बायांना पाहुण्या म्हणून बोलवावे. भाजी आपण करू. ओळख त्या सांगतील, नावे त्यांच्या भाषेत लिहून घेऊ. त्यांचा दिवस मोडेल तर मंडळाच्या पेटीतून त्यांना मानधन द्यावे, आणि आपल्या वहीत ते 'मानधन' म्हणूनच लिहावे. आपल्या वहीला तसला रकाना नाही.

मला उमेदवारीचे प्रमाणपत्र मिळाले आहे. आईने ते चौकटीत बसवून भिंतीवर लावले आहे. त्याच्याशेजारी माझ्या पहिल्या पाठाचे ते पान मी लावले आहे, ज्यात तरोट्याला टाकळा म्हटले आहे. येताजाता दिसावे म्हणून.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर लेकीला सांभाळून घ्या.